सीआरपी साध्या तापातही वाढतो, तरीही…

नमस्कार,

एचआयव्ही आणि टीबी एकत्र असलेल्यांच्या रक्तातल्या दाहाच्या खुणांवर मी लिहिलं, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. सीआरपी (शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) साध्या तापातही वाढतो, मग त्यावरून टीबी उसळण्याचं भाकीत कसलं करणार? आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, सुरू केल्यावर टीबी उसळतो असं वाचून लोक गोळ्या सोडतील. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, म्हणून आधी तोच घेते.

ही उसळी लपवली तरच गोळ्या सुटतात, असं माझं ठाम मत आहे. टीबीच्या औषधांनी ताप उतरलेला असतो, अंगाला जरा बाळसं येत असतं. मग एआरटी सुरू होते आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा ताप, मानेतल्या गाठी मोठ्या. कुणी आधी सांगितलंच नसेल तर माणूस नव्या गोळ्यांनाच दोष देणार. खरं तर सावरणारी प्रतिकारशक्ती टीबीच्या जंतूंवर, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही तुटून पडत असते. डॉक्टर याला 'आयरिस' म्हणतात. त्या भीतीने एआरटी लांबवणं महागात पडतं. कंबोडियातल्या 'कॅमेलिया' चाचणीत (२०११) ६६१ रुग्ण होते. टीबीचे उपचार सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी एआरटी मिळालेल्यांत आयरिस जास्त झाला, पण दगावले १८ टक्के. आठ आठवडे थांबलेल्यांत २७ टक्के. (मेंदूच्या टीबीची गोष्ट वेगळी, तिथे एआरटी मुद्दाम उशिरा देतात.)

आता सीआरपी. नुसत्या त्या आकड्यावरून निदान होत नाही, हे मलाही मान्य आहे. पण इथे निदान करायचंच नाही. दोन्ही आजार ठाऊक आहेत. एआरटीच्या पहिल्या गोळीआधी या रुग्णांपैकी कोणाच्या शरीरात दाह जास्त आहे, एवढंच बघायचं असतं. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, पुढे आयरिस झालेल्यांचे आयएल-६ (दाहाचा इशारा देणारं प्रथिन) आणि सीआरपी एआरटीपूर्वीच इतरांहून जास्त होते. यकृत सीआरपी बनवतं ते मुख्यतः आयएल-६ च्याच इशाऱ्यावर, त्यामुळे दोन्ही एकदम चढलेले दिसणं स्वाभाविक आहे.

हे आधी कळून काय साधणार? त्यासाठी केपटाउनच्या खायेलित्शा वस्तीतली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी बघा. सीडी४ (एचआयव्हीने घटणाऱ्या प्रतिकारपेशींची संख्या) १०० किंवा त्याहून कमी असलेल्या २४० जणांपैकी निम्म्यांना एआरटीसोबत चार आठवडे प्रेडनिसोन हे स्टिरॉइड दिलं, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. स्टिरॉइड न मिळालेल्या १२० पैकी ५६ जणांना आयरिस झाला, मिळालेल्या १२० पैकी ३९ जणांना. फायदा स्पष्ट आहे. पण स्टिरॉइड न घेताही ६४ जण सुखरूप राहिले, हेही त्याच आकड्यांत आहे. आज सरसकट दिलं तर अशांनाही ते घ्यावं लागेल, आणि स्टिरॉइडने साखर वाढते, कपोसी सार्कोमा (एचआयव्हीत होणारा एक कर्करोग) असेल तर तो बळावू शकतो. आणि स्टिरॉइड घेऊनही आयरिस झालेल्या ३९ जणांना तर तेही पुरलं नाही. ही माणसं आधी ओळखू यावीत, म्हणून या खुणांचा शोध मला इतका महत्त्वाचा वाटतो.

खासगी लॅबमध्ये आयएल-६ करून घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. नको. किती आकड्याला स्टिरॉइड द्यायचं हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळे त्या रिपोर्टवरून उपचार बदलणार नाहीत. ताप परतला तर गोळ्या चालू ठेवून एआरटी केंद्र गाठावं. टीबी औषधांना दाद देत नाही का, डोस चुकलेत का, दुसरा संसर्ग आहे का, हे तिथे आधी तपासतात आणि मगच आयरिस म्हणतात. डोकेदुखी आणि उलट्या असतील तर मात्र त्याच दिवशी जायला हवं.