बाळाचं दूध हवंय? आधी पगार आवरा

ब्रिटनमध्ये बाळंतपण काढताय? अभिनंदन. दूध-फळांसाठी तिथलं सरकार 'हेल्दी स्टार्ट' नावाचं कार्ड देतं. फक्त तुमची गरिबी मापात बसायला हवी.

तेव्हा जास्त कमवू नका. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी कमाईवाल्यांचा सरकारी भत्ता) घेत असाल तर घरात हाती येणारा पगार महिना ४०८ पौंडांवर जाता कामा नये. ख्रिसमसच्या गर्दीत मॅनेजरनं जादा शिफ्ट देऊ केली, तर हात जोडा. नवऱ्यालाही बजावून ठेवा, ४०९वा पौंड घरी आणलास तर बाळाची बाटली गेली! (व्हिसावर 'सरकारी मदत नाही' अशी अट असेल, आणि पुण्या-नाशकाहून नोकरीला गेलेल्या बहुतेकांच्या असतेच, तर बहुधा अर्जाचीसुद्धा कटकट नाही.)

गरोदरपणाचे दहा आठवडे भरेपर्यंत भूक आवरा, त्याआधी अर्ज घेत नाहीत. पोराचंही चौथ्या वाढदिवसाला दूध सोडवा.

२०२५ सरेपर्यंत कार्ड मिळालं की आठवड्याला ४.२५ पौंड मिळायचे, बाळ वर्षाच्या आतलं असेल तर ८.५०. हा आकडा २०२१ साली ठरला आणि २०२५ सरलं तरी जागचा हलला नाही. मधल्या काळात दूध महागलं, पण तो दुधाचा आगाऊपणा. नावाजलेल्या कंपनीचा पावडरचा डबा ८.५०मध्ये सहसा येत नव्हता, म्हणून बाळाला नावाचा सोस लावू नका. काउंटरवर मनातल्या मनात दोन ढीग करा, कार्डावर चालणारा आणि न चालणारा: गाईचं साधं दूध, गाजरं, मसूर इकडे, ब्रेड आणि ओटचं दूध तिकडे. मागची रांग सुस्कारे टाकेल, टाकू दे. गाईचं दूध लेकराला सोसत नसेल तर त्याची समजूत घाला, नियमाची घालता येत नाही.

एखादी म्हातारी सांगेल, १९४० साली, भर युद्धात, गरोदर बायकांना आणि पाच वर्षांखालच्या पोरांना रोज एक पाइंट (साधारण अर्धा लिटर) दूध दोन पेन्सांत मिळायचं, कमाई न विचारता. अगदी गरिबांना तर फुकट. तिचं मनावर घेऊ नका. तेव्हा सरकारला हिटलर सोडून दुसरी काळजी नव्हती.

फारच अडलं तर स्कॉटलंड गाठा. तिथं हेल्दी स्टार्टऐवजी 'बेस्ट स्टार्ट फूड्स' हे कार्ड आहे, आणि फेब्रुवारी २०२४पासून ठरलेला एखादा भत्ता मिळत असला की पुरतं, कमाईची वेगळी मर्यादा नाही. कळा सुरू व्हायच्या आत निघा. रेल्वेचं तिकीट तेवढं कार्डावर मिळत नाही.