‘ज्याचे आकडे मोठे, तो फोन घ्या’: या सल्ल्यातला एकेक दावा तपासू

दसरा-दिवाळीचे सेल जवळ आले की घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, सल्ला तोच असतो. दोन फोनची माहिती शेजारी शेजारी मांडा, मेगापिक्सेल, रॅम, कोअर आणि एमएएच मोजा, ज्याचे आकडे मोठे तो फोन डोळे झाकून घ्या. ब्रँडच्या नावाचे पैसे देऊ नका. आणि आयपी६८ (धूळ-पाणी आत न जाण्याचं मानांकन) असेल तर पावसाची चिंता सोडा.

घेण्याआधी तुलना करा, हे त्यातलं अगदी बरोबर आहे. महाग म्हणजे चांगलाच, असंही नाही. पण बारा-पंधरा हजारांचा फोन हप्त्यावर घेणाऱ्या घरात तो एकच फोन यूपीआयला, मुलांच्या परीक्षेच्या फॉर्मला आणि गावाकडच्या व्हिडिओ कॉलला वापरला जातो. तिथे चुकीच्या आकड्यावर निवड झाली, तर पुढची तीन-चार वर्षं ते घर त्रास काढतं. म्हणून एकेक दावा घेऊ.

‘मेगापिक्सेल जितके जास्त, तितका फोटो चांगला.’

हा दावा हातातल्या फोनवरच तपासता येतो. १०८ मेगापिक्सेलच्या फोनने नेहमीच्या मोडमध्ये फोटो काढा आणि गॅलरीत त्याची माहिती उघडा. तिथे बहुधा ४०००×३००० असं दिसेल. म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, १२ मेगापिक्सेल. सेन्सरवरचे नऊ-नऊ बारके पिक्सेल मिळून एक धरला जातो, कारण एकट्या पिक्सेलला मिळणारा उजेड अंधुक जागी पुरत नाही. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चारांचा एक करतो, २०० चा सोळांचा. तिघांचा नेहमीचा फोटो शेवटी बारा-साडेबारा मेगापिक्सेलच्या घरातच येतो.

फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने, भिंगाने, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या ओआयएसने आणि फोटोवर प्रक्रिया करणाऱ्या चिपने. सेन्सरचा आकार १/१.५६ इंच, १/२.७६ इंच असा लिहितात. खालचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा. आयफोनचा मुख्य कॅमेरा २०१५ च्या ६एसपासून २०२१ च्या १३ पर्यंत १२ मेगापिक्सेलचाच होता. त्या सहा वर्षांत रात्रीचे फोटो कुठल्या कुठे गेले, आणि मेगापिक्सेलचा आकडा एकाने वाढला नाही.

मागच्या बाजूला चार भिंगं दिसली म्हणूनही हुरळून जाऊ नका. स्वस्त फोनमधला अगदी जवळून फोटो काढायचा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो आणि मागचं दृश्य धूसर करायला असलेला तेवढाच डेप्थ कॅमेरा बहुतेक वेळा संख्या भरायला दिलेला असतो. दुकानात डेमोचा फोन हातात घ्या, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात चालत्या माणसाचा फोटो काढा आणि झूम करून चेहरा बघा. दारातल्या उन्हात सगळेच फोन चांगले फोटो काढतात.

‘८ अधिक ८, म्हणजे १६ जीबी रॅम.’

या दाव्याचा मला मनापासून राग येतो, कारण तो थेट खोक्यावर छापलेला असतो. मोठ्या अक्षरांत १६ जीबी, शेजारी छोटी चांदणी, आणि खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत त्या चांदणीचा खुलासा. खरी रॅम, म्हणजे चालू ॲपची कामाची जागा, ८ च असते. उरलेली ८ ही तुमच्याच स्टोरेजमधली जागा आहे, तिला व्हर्च्युअल रॅम म्हणतात. मागे पडलेली ॲप तिथे सरकवून ठेवता येतात, एवढाच तिचा उपयोग. वेग मात्र रॅमचा मिळत नाही. साध्या फोनमधली रॅमसुद्धा सेकंदाला १० जीबीहून जास्त माहिती हलवू शकते. स्वस्त फोनमध्ये अजून सर्रास सापडणाऱ्या ईएमएमसी ५.१ स्टोरेजची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी आहे. निदान २५ पटींचा फरक झाला!

आणि नेमकी हीच ओळ तुलनेच्या तक्त्यात लोक वगळतात. १२८ जीबी की २५६, एवढंच बघतात. ते स्टोरेज कुठल्या प्रकारचं आहे, ईएमएमसी की यूएफएस, हे विचारतच नाहीत. यूएफएस २.२ ची मर्यादा ईएमएमसीच्या जवळपास तिप्पट आहे. ॲप उघडायला लागणारा वेळ, अपडेट बसायला लागणारा वेळ, गॅलरी भरल्यावर येणारी संथगती, हे सगळं बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. माझ्या मते पंधरा हजारांच्या आतल्या फोनमध्ये सगळ्यात आधी बघायची गोष्ट हीच. ६ जीबी रॅम आणि यूएफएस असलेला फोन मी ‘४ अधिक ८’ आणि ईएमएमसीवाल्या फोनपुढे कधीही निवडेन.

‘आठ कोअर, अँटूटूचा स्कोअर जास्त, आणि मॉडेल नवीन. आणखी काय हवं?’

कोअर म्हणजे चिपमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. आठही कोअर सारख्या ताकदीचे नसतात. मीडियाटेकच्या हेलिओ जी९९ मध्ये दोन ताकदवान आणि सहा साधे कोअर आहेत. आयफोनमध्ये २०१७ पासून मिळून सहाच कोअर असतात आणि ते कशातही मागे पडलेले नाहीत. नव्या मॉडेलचं म्हणाल, तर २०२१ ची डायमेन्सिटी ८१० चिप २०२३ मध्ये जवळपास जशीच्या तशी ६०८० या नावाने आली. खोक्यावर नवं नाव, आत जुनंच पाणी.

फोनचा वेग मोजून गुण देणाऱ्या अँटूटूसारख्या ॲपच्या स्कोअरवरही आंधळा विश्वास नको. अँटूटूच्या नवव्या आणि दहाव्या आवृत्तीतले आकडे एकमेकांशी लावून बघताच येत नाहीत, तरी मेसेजमध्ये ते सर्रास शेजारी शेजारी असतात. मार्च २०२२ मध्ये अशाच दुसऱ्या चाचणीच्या ॲपने, गीकबेंचने, सॅमसंगचे गॅलेक्सी एस१० ते एस२२ हे फोन आपल्या यादीतून काढून टाकले. फोनमधली एक प्रणाली गेम आणि इतर ॲपचा वेग आवरत होती, चाचणीच्या ॲपला मात्र मोकळं सोडत होती. सॅमसंगने नंतर तो अटकाव बंद करण्याची सोय अपडेटमधून दिली.

परदेशी चाचणीचा व्हिडिओ बघत असाल तर आणखी एक खबरदारी घ्या. गॅलेक्सी एस२४ अमेरिकेत स्नॅपड्रॅगन चिपसह आला, भारतात एक्सिनॉससह. नाव एक, आतला फोन वेगळा.

‘एमएएच जास्त, म्हणजे बॅटरी जास्त टिकणार.’

एमएएच म्हणजे साठा. तो किती वेगाने संपतो ते चिप, पडदा आणि नेटवर्क ठरवतात. क्वालकॉमने २०२२ च्या मे महिन्यात स्नॅपड्रॅगन ८ प्लस जेन १ ही चिप आणली. रचना आधीच्या ८ जेन १ चीच होती, फक्त ती सॅमसंगऐवजी टीएसएमसी या तैवानच्या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात बनली. वीज ३० टक्क्यांपर्यंत कमी लागते, असा कंपनीचा दावा होता. तक्त्यात दोन्ही चिपपुढे ‘४ नॅनोमीटर’ (चिप किती बारीक तंत्राने बनली त्याचं माप) एवढंच लिहिलेलं असतं.

‘१३ बँडचं ५जी ९ बँडपेक्षा बरं’ हेही त्याच माळेतलं. बँड म्हणजे नेटवर्कच्या लहरींचे पट्टे. जिओ वापरत असाल तर एन७८ आणि एन२८ हे बँड आहेत का, एवढं बघा. घराच्या आत, भिंतींपलीकडे पोचायला ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ कामी येतो.

‘आयपी६८ आहे, बिनधास्त भिजवा.’

ही चाचणी प्रयोगशाळेत, स्थिर आणि गोड्या पाण्यात होते. तारकर्लीचं खारं पाणी किंवा साबणाचं पाणी त्यात येत नाही. पडदा बदलायला फोन एकदा उघडला की सील पहिल्यासारखं राहीलच असं नाही. आणि वॉरंटीचं कार्ड वाचा. पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या भरून देत नाहीत.

‘ब्रँडचे पैसे म्हणजे नुसते नावाचे पैसे.’

काही वेळा खरं आहे. पण त्या पैशांत कधी कधी अपडेटची वर्षंही असतात, आणि ती तक्त्यात ठळक दिसत नाहीत. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं आहे. ते फक्त महागड्या फोनपुरतंही राहिलेलं नाही. सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी ला सहा वर्षं दिली आहेत. याउलट तगडे आकडे असलेले कितीतरी फोन दोन वर्षांत वाऱ्यावर सोडले जातात. मग सुरक्षेचे पॅच थांबतात, आणि पुढे कधीतरी बँकेचं ॲप ‘ही आवृत्ती चालणार नाही’ म्हणतं.

ही वर्षं साधारणपणे फोन पहिल्यांदा बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जातात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नव्हे. सेलमध्ये निम्म्या किमतीत दिसणारा, चार वर्षं अपडेटचा फोन दोन वर्षांपूर्वीचा असेल, तर तुमच्या वाट्याला दोनच वर्षं येतात. किंमत त्या दोनने भागून बघा, आणि मग शेजारच्या थोड्या महाग फोनची किंमत त्याच्या उरलेल्या वर्षांनी.