नेट महाग करा म्हणणाऱ्या दादाला

परवा घरच्या ग्रुपवर माझ्या चुलत दादानं लिहिलं, जिओ यायच्या आधी होतं तसं परत अडीचशे रुपयाला एक जीबी करा, पोरं आपोआप सुधारतील. अकरा जणांनी अंगठे दिले. जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले तेव्हाही घरात हाच सूर होता, बरं झालं म्हणून. मी चिडून उत्तर लिहिलं तर म्हणतो, तुला काय, तू जर्मनीत फास्ट नेटवर बसून बोलतीयेस.

फास्ट? २०२२ मध्ये आम्ही स्टुटगार्टजवळच्या गावात राहायला आलो तेव्हा नेट लागायला सात आठवडे गेले. टेक्निशियन ८ ते १२ मध्ये येणार म्हणून सुट्टी टाकून बसले, तो आलाच नाही, वर पोस्टानं पत्र आलं की तुम्ही घरी नव्हता. दुसऱ्यांदा आला तर केलरची, म्हणजे तळघराची, किल्ली इमारतीची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरकडं आणि तो सुट्टीवर. शेवटी लागलं ते तांब्याच्या तारेवरचं डीएसएल, दोन वर्षांच्या करारानं. आणि सांगलीत केबलवाल्या काकांनी बाबांना एका दुपारीत खांबावरून फायबर ओढून दिलं. हे सगळं मी दादाला ऐकवलं. एक मात्र सांगितलं नाही, की इथं डिसेंबर २०२१ पासून कायदा आहे, टेक्निशियन ठरल्या वेळी आला नाही तर कंपनीनं कमीत कमी दहा युरो द्यायचे, आणि ते मी भांडून घेतले. सांगलीत केबलवाले काका चार दिवस आले नाहीत तर बाबा नुसते फोन करत बसतात.

पण दादाचा मुद्दा पोरांचा आहे. त्याचा मुलगा रात्री दोनपर्यंत रील बघतो, मला काळजी कळते. पण इथं मोबाइल डेटा तिकडच्यापेक्षा कितीतरी महाग आहे आणि सकाळच्या एस-बानमध्ये, म्हणजे लोकल ट्रेनमध्ये, शाळेची पोरं तशीच मान खाली घालून बसलेली असतात. दर वाढवला तर त्याचा मुलगा नाही थांबणार, त्याला दादाच रिचार्ज मारून देणार. थांबतील त्या आईकडं भांड्याला येणाऱ्या मावशी, ज्या दुपारी पायरीवर बसून पुण्यातल्या नातवाला व्हिडिओ कॉल लावतात.

आणि मी थांबेन. माझा नवरा मल्याळी, घरात आम्ही इंग्रजी बोलतो. त्या सात आठवड्यांत मोबाइलला फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत एक काडी रेंज होती, तिथं उभं राहून मी मेसेज वाचायचे, आणि एका रविवारी लक्षात आलं की आपण चार दिवसांत मोठ्यानं एकही मराठी वाक्य बोललो नाही. इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर ज्वारीचं पीठ कुठं मिळतं एवढंच विचारायला गेले होते, पहिल्यांदा कुणी घरी जेवायला बोलावलं ते त्याच ग्रुपमधून. त्याआधी जर्मनीतल्या पाच वर्षांत एकाही शेजाऱ्यानं बोलावलं नव्हतं, मीही कुणाला बोलावलं नव्हतं.

दादा, ऑगस्ट २०१९ आठव. सांगलीच्या गावभागात कृष्णेचं पाणी शिरलं, लाइट गेली, आईबाबा वरच्या मजल्यावर अडकले, आणि मी स्टुटगार्टमध्ये ऑफिसच्या जिन्यात बसून ग्रुपवर एकच विचारत होते, आयर्विन किती? म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट? पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा बोट कुठून सुटतीये, कुठल्या गल्लीत किती पाणी, कुणाचे आईवडील अजून अडकलेत, सगळं फोनवरच कळत होतं. तास-दीड तासाला आकडा टाकणारा तूच होतास, दुसऱ्याच्या गाडीत मोबाइल चार्ज करून. अडीचशेला एक जीबी असतं तर ते व्हिडिओ तू पाठवले असतेस का? मला दिसलं असतं का काही?

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, इथं लिहितीये, कारण तिथं लिहिलं तर तो परत म्हणेल तू तिकडं बसून बोलतीयेस, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नाही. मी तिकडंच बसलीये. ग्रुप सोडला तर सांगलीत माझं रोजचं काही उरलेलं नाही.

आईबाबा आता विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहतात, पाण्याची भीती नाही. तरी जुलै लागला की झोपायच्या आधी मी आयर्विनची पातळी बघते. आकडा अजून दादाच टाकतो.