मांगाचा सिनेमा काढू इच्छिणाऱ्यांस

आपण एका गाजलेल्या जपानी मांगाचे, म्हणजे चित्रकथेचे, चित्रपट-हक्क विकत घेतल्याचे समजले. हार्दिक अभिनंदन! हक्क हाती आले म्हणजे निम्मे काम झालेच. उरलेल्या निम्म्यात एकच पथ्य पाळायचे, ते म्हणजे ज्या गोष्टीसाठी एवढे पैसे मोजले, ती चुकूनही पडद्यावर दिसू द्यायची नाही. नाव मात्र पोस्टरवर ठसठशीत असू द्यावे.

या कामी पहिला धडा गिरवावा तो २००९ सालच्या ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’चा. ‘ड्रॅगन बॉल’ या मांगाचे कर्ते अकिरा तोरियामा यांचा नायक गोकू हा डोंगरात एकटा राहणारा, शेपूट असलेला, जगाची रीतभात ठाऊक नसलेला पोरगा. असा नायक अमेरिकी प्रेक्षकाला झेपणार नाही, हे ओळखून निर्मात्यांनी त्याला सरळ हायस्कुलात घातले आणि वर्गातल्या टग्यांकडून त्याची टिंगल करवली. टकला, पांढऱ्या दाढीचा, आंबटशौकीन गुरू रोशी होता. त्याच्या जागी डोक्यावर भरघोस केस असलेला देखणा चाऊ युन-फॅट आणला. गोकूचा जिवलग मित्र क्रिलिन, त्याला तर बोलावलेच नाही. आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झी’ पाहत जी पोरे वाढली, त्यांनी घराच्या गॅलरीत दोन्ही तळवे जुळवून, घसा फुटेस्तोवर ओरडत जो ‘कामेहामेहा’, म्हणजे तळव्यांतून ऊर्जेचा झोत सोडण्याचा गोकूचा डाव, घोटला, तो या चित्रपटात नायकाला मशाली पेटवण्याच्या सरावासाठी वापरावा लागतो. काटकसर म्हणतात ती हीच.

दुसरी सूचना अशी, की नायक हुशार असल्यास त्याचा आधी बंदोबस्त करावा. ‘डेथ नोट’मधल्या लाइट यागामीच्या हाती अशी वही लागते, की तीत ज्याचे नाव लिहावे तो मरतो. हा लाइट खोलीत छुपे कॅमेरे असताना बटाट्याच्या वेफर्सच्या पुडीत छोटासा टीव्ही लपवतो, एका हाताने गणिते सोडवतो आणि वेफर काढण्याच्या मिषाने पुडीत हात घालून गुन्हेगारांची नावे लिहितो; चेहऱ्यावर रेषाही हलत नाही. तो आणि त्याच्या मागावर असलेला गुप्तहेर एल, या दोघांची एकमेकांवरची कुरघोडी हाच त्या मांगाचा प्राण आहे. २०१७ च्या अमेरिकी आवृत्तीने ही डोकेफोड मोडीत काढली. गोष्ट सिअ‍ॅटलला हलवली, यागामीचा टर्नर केला, मृत्युदेव रियुक दिसताच त्याला जिवाच्या आकांताने किंचाळायला लावले, आणि प्राणापलीकडे जपायचे ते गुपित त्याने शाळेतल्या एका मुलीपुढे लगोलग उघडे केले. प्रेक्षकाला विचार करण्याचा त्रास उरला नाही, हे काय थोडे झाले?

ही कला हॉलिवूडचीच मिरासदारी आहे, असे मात्र समजू नये. जपानी निर्मात्यांनी २०१७ मध्येच ‘फुलमेटल अल्केमिस्ट’साठी इटलीतल्या व्होल्टेरापर्यंत जाऊन खरीखुरी जुनी गल्लीबोळे टिपली आणि युरोपीय वळणाच्या त्या जगात सगळे जपानी नट उभे केले, नायकाच्या डोक्यावर सोनेरी केसांसह. ‘अटॅक ऑन टायटन’मधला लिव्हाय हा वाचकांचा जीव की प्राण, म्हणून २०१५ च्या दोन भागांच्या चित्रपटातून तो गाळला आणि त्याच्या जागी भलताच एक शिकिशिमा नावाचा गृहस्थ बसवला.

काही उदाहरणांपासून मात्र आपण चार हात दूर राहावे. २०१२ पासून निघालेल्या ‘रुरोनी केन्शिन’च्या चित्रपटांत तलवारबाजीवर अतोनात मेहनत घेतली, पोशाख जसेच्या तसे ठेवले आणि वर कथेवर विश्वासही टाकला, असल्या वाईट सवयी फार लवकर जडतात. ‘वन पीस’च्या २०२३ च्या मालिकेत तर निर्मिती चालू असताना मूळ लेखक एइचिरो ओदा यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले. लेखकाला विचारत बसल्यास तुमच्या कल्पनाशक्तीला वाव तो काय राहणार? तोरियामांनी पटकथा वाचून धोक्याची सूचना दिली होती, तेव्हा ती कानाआड करण्याचा बाणेदारपणा ‘इव्होल्यूशन’वाल्यांनी दाखवला होता, हे ध्यानात असू द्यावे.

माफीचा मसुदा करारासोबतच तयार करून ठेवणे सोयीचे पडते. ‘इव्होल्यूशन’चे पटकथाकार बेन रॅम्झी यांना ती मागायला २०१६ साल उजाडले, मोठ्या मानधनाच्या मागे लागून आपण हे काम घेतले, असे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले. एवढे करूनही कोणी नाके मुरडलीच, तर तोरियामांचा दाखला बिनदिक्कत पुढे करावा. ‘ड्रॅगन बॉल’ त्यांनी केव्हाच मागे टाकले होते. पण हा चित्रपट पाहून ते इतके चिडले, की ती चीडही त्यांना पुन्हा त्या कामाकडे घेऊन आली आणि २०१३ मध्ये ‘बॅटल ऑफ गॉड्स’ हा नवा ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, आला. याचे श्रेय निर्मात्यांनी अजून मागितलेले नाही; आपण आपल्या वेळी मागून घ्यावे.