प्रतिक्रियेला उत्तर: ‘नवशिक्यांना घाबरवता’ म्हणे

नवशिक्याने पहिलं ॲप मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर (वापराप्रमाणे बिल लागणाऱ्या भाड्याच्या संगणक-सेवा) नको, साध्या व्हीपीएसवर (ठरलेल्या भाड्याचा एक छोटा सर्व्हर) चढवावं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची आपली प्रतिक्रिया कालपासून तीनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती इथे देतो: “साहेब, स्वतःला ॲमेझॉनचं क्लाउड झेपलं नाही म्हणून नवशिक्यांना घाबरवता आणि साधा व्हीपीएस त्यांच्या गळ्यात मारता. नोकरीत व्हीपीएस कोण विचारतं? बॅकअपबद्दल एक अक्षर नाही. माहितीही जुनी.”

माहितीचं आधी. ॲमेझॉनच्या क्लाउडचं भारतातलं केंद्र, म्हणजे सर्व्हर असतात ती जागा, फक्त मुंबईत आहे, असं मी लिहिलं होतं. ते चुकलंच. मुंबई 2016 साली सुरू झालं आणि नोव्हेंबर 2022 मध्ये हैदराबादही आलं. वाक्य दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘साहेब’ म्हणायचं आणि त्याच दमात अक्कल काढायची, ही कुठली पद्धत? मुद्दा पटला नाही तर तसं सांगा. मला काय झेपलं आणि काय नाही, हे आपल्याला कुठून कळलं?

कळलं नसेल तर सांगतो. 2021 च्या द्राक्ष हंगामात पिंपळगावजवळच्या एका पॅकहाउससाठी मी वेब ॲप केलं होतं. कुठल्या बागायतदाराचे किती क्रेट आले, किती पेट्या भरल्या, किती माल प्री-कूलिंगला गेला, एवढीच नोंद. काट्याजवळ बसलेला मुलगा मोबाइलवर आकडे टाकायचा. दिवसाला फार तर दोनशे नोंदी. मी ते एका मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर चढवलं (नाव घेत नाही, कारण चूक माझी होती). व्हिडिओ बघून खाजगी नेटवर्क केलं, नॅट गेटवे (त्या नेटवर्कमधून बाहेर इंटरनेटवर जायचा दरवाजा) लावला, लोड बॅलन्सर (येणारी कामं अनेक सर्व्हरांत वाटणारा) लावला, डेटाबेस वेगळा घेतला. सगळं चाललं, मला अभिमानही वाटला.

पुढच्या महिन्यात त्याच पॅकहाउसमध्ये उभा असताना बँकेचा मेसेज आला: पाच हजार सहाशे वजा. मालक मला महिन्याला दीड हजार देत होते. ते शेजारीच पेटीचं वजन बघत होते. मी फोन उलटा करून खिशात टाकला आणि रात्री घरी बिलाची एकेक ओळ वाचली. नॅट गेटवेतून काही जावो न जावो, तासाचा मीटर चालूच असतो. त्या एका गोष्टीचे महिन्याला बत्तीस डॉलरच्या आसपास. त्यावर लोड बॅलन्सर, त्यावर डेटाबेस, आणि सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. बजेटचा इशारा मी लावला होता. त्याने मेल पाठवला, पण इशारा काही बंद करत नाही. तो नुसता कळवतो.

हे सांगणं म्हणजे घाबरवणं? पावसाळ्यात गोदाघाटावर पाणी चढलं की आपण नवख्याला सांगतो ना, खालच्या पायरीवर जाऊ नकोस. त्याला कोणी घाबरवणं म्हणत नाही. ॲमेझॉननेच 1 फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही4 पत्त्याला (इंटरनेटवर सर्व्हर ज्या आकड्याने सापडतो तो) तासाला अर्धा सेंट लावला, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरहून जास्त, नुसत्या पत्त्याचे. डिजिटलओशन या व्हीपीएस देणाऱ्या कंपनीचा सगळ्यात लहान सर्व्हर चार डॉलरपासून मिळतो आणि त्यांचं केंद्र बंगळुरूत आहे. तोही बंद करून ठेवला तरी भाडं चालू राहतं, काढून टाकावा लागतो, हे मी लेखातच लिहिलंय. आपण तिथपर्यंत वाचलं नसावं.

ज्याने कॉलेज रोडवरच्या खोलीत बसून पहिलं ॲप केलंय, त्याला भाडं आधी कळायला हवं. एक सर्व्हर, त्यावर एनजिनएक्स (वेबपानं पुरवणारं सॉफ्टवेअर), त्यावरच डेटाबेस. काय कुठे चाललंय ते एका नजरेत दिसतं. ते हाताखालून गेलं की पुढचं खुशाल शिका, मीही तसंच शिकलो. बिल आल्यावर आठ महिने त्याच कंपनीच्या क्लाउडवर काम केलं, पॅकहाउसचं ॲप आजही तिथेच आहे, आणि महिन्याचा खर्च हजाराच्या आत आहे. झेपलं नाही म्हणणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं.

नोकरीचं म्हणाल, तर तो लेख मुलाखतीच्या तयारीसाठी नव्हता. बॅकअप हा वेगळा विषय आहे, त्यावर सवडीने लिहीन.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा, मी काढून टाकणार नाही. ‘घाबरवता’ हा शब्द मात्र मागे घ्यावा, एवढी अपेक्षा आहे.