तपकिरी झाली म्हणून अळी बदलली नाही

एक मेसेज सध्या फिरतोय. त्याचा मतलब असा: हरभऱ्याचे घाटे पोखरणारी तपकिरी घाटेअळी ही औषधाला न जुमानणारी नवी जात आहे, दोन जहाल औषधं एकत्र करून मारा, मादीच्या गंधाने ओढून घेणारे कामगंध सापळे लावले की अळीचे पतंग संपतात, आणि शेंड्यावर काळ्या अळ्या लटकलेल्या दिसल्या तर झाडाला रोग आहे, उपटून जाळा.

रंगाचं आधी. घाटेअळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, हिरवी, पिवळसर, गुलाबी, तपकिरी कशीही असते. एकाच झाडावर दोन रंगांच्या सापडतात. नावं मात्र पिकागणिक बदलतात: कपाशीवर हिरवी बोंडअळी, टोमॅटोवर फळ पोखरणारी, तुरीवर शेंगा पोखरणारी. अळी तीच.

औषधाला न जुमानण्यात तथ्य आहे. पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या गटाला ती 1980च्या दशकापासूनच दाद देईनाशी झाली. पण तो गुण रंगातून आलेला नाही, त्याच त्या गटाच्या फवाऱ्यांतून आलाय. दोन जहाल औषधांच्या मिश्रणात तिची अंडी फस्त करणारे ट्रायकोग्रामासारखे मित्रकीटक आधी मरतात.

शिवाय वेळ चुकते ती चुकतेच. गोल भोक पडलेला घाटा हातात घेऊन बघा: अळीचं डोकं आत, निम्मं अंग बाहेर. एवढी वाढलेली अळी सहजी मरत नाही. तिला गाठायचं ते अंड्यातून निघाल्यावर, कोवळा पाला खरवडत असताना. अंडी एकेकटी, पिवळसर पांढरी, खसखशीहून बारीक. कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर शोधावी लागतात.

ती कधी शोधायची, हे कामगंध सापळ्यात पतंग येऊ लागले की कळतं. त्याचं काम तेवढंच. त्यात फक्त नर येतात, आणि उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो.

लटकलेल्या अळ्यांचा सल्ला वाचून तर कपाळावर हात मारला. त्या झाडाच्या रोगाने नाही, एनपीव्ही या विषाणूने मेलेल्या असतात. तो अळीला मारतो. पिकाला आणि माणसाला त्याचा त्रास नाही. मेलेली अळी फुटते, आतलं पाणी खालच्या पानांवर सांडतं आणि तो पाला खाणाऱ्या अळ्यांनाही लागण होते. कित्येक शेतकरी अशा अळ्या वेचून पाण्यात ठेचतात, फडक्यातून गाळतात आणि तेच पाणी फवारतात. तेही संध्याकाळी, कारण उन्हात विषाणू टिकत नाही.