खाली पालकांची सही

‘बाबांनी आज रविवार कारंजाचा सिग्नल तोडला. कोणी बघत नाहीये असे ते म्हणाले. मी बघत होते.’

त्याखाली रेघ. रेघेखाली छापलेलं ‘पालकांची सही’.

घराचं कर्ज काढलं तेव्हा बँकेने माझ्याकडून पानोपानी सह्या घेतल्या होत्या. एकदाही काय लिहिलंय ते वाचलं नाही आणि एकदाही हात थरथरला नाही. इथे तीन वाक्यं वाचली आणि पेन चालेना. पेनच खराब आहे म्हणून दुसरं मागितलं. चिमीने दोन आणून दिले.

चिमी तिसरीत आहे. शाळा गावातली. (नाशिककर पंचवटीत राहो नाहीतर सिडकोत, रविवार कारंजा, मेन रोड, भद्रकाली या भागाला तो ‘गाव’च म्हणतो. ‘जरा गावात जाऊन येतो’ असं सांगून निघतो, जणू सातबारा काढायला चाललाय.) तर जुलैत तिच्या बाईंनी मूल्यवही सुरू केली. पहिल्या पानावर मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं सुवाच्य अक्षरात उतरवलेली: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रीय एकात्मता, राष्ट्रभक्ती. मुलांनी रोज घरात दिसलेलं एक मूल्य दोन-तीन ओळींत लिहायचं, समासात त्याचं नाव घालायचं आणि पालकांची सही आणायची. पालकसभेत बाईंनी हे सांगितलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होतो. घरात मूल्यं शोधायला बसलेल्या पोराला आधी नसलेली सापडतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. घरात मला ‘ए बाबा, तू ना’ करणारी चिमी वहीत मात्र ‘बाबांनी’, ‘ते म्हणाले’ असं आदरार्थी लिहिते. इतक्या अदबीने लिहिलेलं आरोपपत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

वक्तशीरपणा हे आमचं सगळ्यात कच्चं मूल्य. २०२४ साली सरकारने सांगितलं, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. मुलांची झोप पूर्ण होऊ द्या. त्याप्रमाणे आमच्याकडे झोप वाढली ती माझी. चिमी सातला उठते, आवरते आणि दप्तर पाठीला लावून माझ्या उशाशी येऊन उभी राहते. काही बोलत नाही. नुसती उभी राहते. 

आम्ही राहतो मखमलाबाद नाक्याच्या पुढे. साडेआठला निघालं तर मालेगाव स्टँड, होळकर पूल, रविवार कारंजा असं रमतगमत शाळा गाठता येते. आम्ही निघतो पावणेनऊनंतर. होळकर पूल १८९५ सालचा, इंग्रजांनी व्हिक्टोरिया राणीच्या नावाने बांधलेला. बांधला तेव्हा टांगे जात असतील. आता त्यावर रिक्षा, शहर बस, भाजीचे टेम्पो, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, दर्शनाला आलेल्या परगावच्या गाड्या आणि माझ्यासारखे पावणेनऊनंतर निघालेले पालक असे सगळे एकाच वेळी असतात. मागे बसलेली चिमी दर मिनिटाला वेळ सांगते. माझ्या घड्याळापेक्षा तिचं घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे, आणि शाळेचं तिच्याहून एक.

राष्ट्रगीत सुरू झालं की शाळेचं फाटक बंद. उशिरा आलेली मुलं आणि त्यांना आणणारे आम्ही, बाहेर. राष्ट्रगीताच्या बावन्न सेकंदांत आमचा तो रस्ता बघण्यासारखा असतो. डोक्यात हेल्मेट, एका हातात डबा, गाडी धड स्टँडवर नाही म्हणून गुडघ्याने तोललेली, अशा अवस्थेत पंधरा-वीस माणसं ताठ उभी. समोरचा पोहेवाला झारा कढईवर तसाच धरून. एकदा एका गृहस्थांची गाडी गुडघ्यावरून हळूहळू कलायला लागली. ते हलले नाहीत. गाडी आडवी झाली, पेट्रोल गळलं, तरी ते समोर बघत राहिले. शेवटच्या ‘जय हे’ला सगळ्यांनी मिळून ती उचलली. त्या दिवशी चिमीला राष्ट्रभक्ती, श्रमप्रतिष्ठा आणि वक्तशीरपणाचा अभाव, असं तीन रकान्यांचं साहित्य एकदम मिळालं.

मग राज्यगीत. मग प्रतिज्ञा. ही प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली मूळ तेलुगूत लिहिली, आणि ते ट्रेझरीत अधिकारी होते, हे मला अलीकडेच कळलं. मीही हिशेबखात्यातला, त्यामुळे उगाच जवळचं वाटलं. पण त्यांना आमचं फाटक ठाऊक नव्हतं. आत दीडशे पोरं एका सुरात ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ म्हणत होती आणि बाहेर बरोबर त्याच ओळीला एका रिक्षावाल्याने माझ्या गाडीचा आरसा वाकवला. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. वहीत आहे. बाईंनी त्यातला एक शब्द लाल शाईने खोडून वर ‘अयोग्य शब्द’ असं लिहिलंय आणि खाली ‘छान निरीक्षण!’ असा शेराही दिलाय.

पहिल्या महिन्यातच घराची रीत बदलली. आमची आई, म्हणजे चिमीची आजी, शेजारच्या काकूंविषयी काही सांगायचं असलं की आधी विचारायला लागली, ‘वही दप्तरात आहे ना?’ बायकोने चिमी झोपल्याशिवाय माझ्याशी भांडणं बंद केलं. रात्री साडेदहापर्यंत मुद्दे लक्षात राहत नाहीत, असं तिचं म्हणणं. त्यामुळे आता तीही लिहून ठेवते. एका घरात दोन वह्या.

मी आपला जपून वागत होतो. पण जपून वागणाऱ्या माणसाचा फोन वाजतोच. एका सकाळी साहेबांचा आला. मी म्हणालो, ‘साहेब, द्वारकेला अडकलोय, हलायलाच तयार नाही ट्रॅफिक.’ नाशिकमध्ये ही थाप सहसा पचते, कारण द्वारका चौकात रोज इतकी माणसं खरोखर अडकलेली असतात की त्यात एक वाढला तर कोण मोजतंय? चिमी शेजारीच पोळीचा रोल खात होती. संध्याकाळी ती वही घेऊन आली.

‘बाबा, हे कुठल्या मूल्यात लिहू?’

आम्ही दोघांनी यादी वाचली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. दहाच्या दहा मूल्यांत प्रामाणिकपणा नाही! मला इतकं हलकं वाटलं म्हणता. ‘बघ, यादीतच नाही,’ मी म्हणालो, ‘म्हणजे लिहायचं कारण नाही.’ चिमीने पेन्सिल चावत थोडा विचार केला आणि समासात घातलं, ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’. पुढे लिहिलं, ‘बाबा द्वारकेला होते असे ते म्हणाले. बाबा सोफ्यावर होते. एक वस्तू एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही.’

मी सही केली. काय करणार, विधान शास्त्रशुद्ध होतं.

रविवारची मिसळ तर याहून वाईट. डॉक्टरांनी मला तेलकट बंद केलंय आणि बायकोने डॉक्टरांना मनावर घेतलंय. गंगापूर रोडला चिमीला सायकल शिकवायला नेलं आणि येताना, जे कोणत्याही नाशिककराचं होईल, ते झालं. ताटात वर तर्री, बाजूला पापड, दह्याची वाटी, आणि रस्सा मागाल तेवढा. दोघांनी मिळून पाव किती घेतले ते सांगत नाही. निघताना तिला म्हटलं, ‘आईला सांगायचं नाही हं.’ चिमीने मान डोलावली. शब्द तिने तंतोतंत पाळला. वहीत वाक्य असं: ‘बाबा म्हणाले आईला सांगू नको. म्हणून मी आईला सांगितले नाही. इथे लिहिले.’ त्या दिवशी सही बायकोने केली, पूर्ण नावाची, आणि वही माझ्यासमोर उघडीच ठेवून दुधीची भाजी वाढली.

सगळ्यात चिवट लढत दिली ती आईने. तिचं वय सत्तर पार. गोदावरीला ती आयुष्यात गोदावरी म्हणालेली नाही, गंगाच. आणि देवाचं निर्माल्य गंगेतच सोडायचं, याबद्दल तिच्या मनात शंका नाही. एका बुधवारी बाजाराला म्हणून आम्ही तिघं घाटावर गेलो. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी बेताचंच होतं. आईने पिशवीतून निर्माल्याची प्लास्टिकची थैली काढली, वाकलेली झेंडूची फुलं, बेलाची पानं, काडेपेटीतली एक जळकी काडी, आणि इकडे तिकडे बघितलं. चिमी पायरीवर बसली आणि शांतपणे दप्तराची चेन उघडायला लागली. त्या चेनचा आवाज मी आता झोपेतसुद्धा ओळखतो.

‘काय गं, इथे पण?’ आई म्हणाली.

‘नाही, मी कंपास शोधतेय.’

‘मला शिकवतेस? तुझ्या बापाला इथेच नाऊ-माखू घातलंय मी.’

चिमी काही बोलली नाही. कंपास सापडला. पेन्सिल निघाली. टोक करायला सुरुवात झाली. आई दोन मिनिटं गंगेकडे बघत राहिली, मग तरातरा चार पायऱ्या चढून गेली, थैली निर्माल्य कलशात उपडी केली, थैली झटकली, घडी घालून कमरेच्या बटव्यात ठेवली, आणि आम्हा दोघांकडे न बघता मेथीच्या जुड्यांकडे चालती झाली. नोंद: ‘आजीने निर्माल्य कलशात टाकले. थैली परत आणली. पेन्सिलीला टोक केल्यावर.’

दिवाळीआधी पालकसभा झाली. पहिलीच्या बाकांवर गुडघे छातीला लावून आम्ही बसलो होतो. बाईंनी सगळ्यांच्या वह्या बाकांवर मांडून ठेवल्या होत्या. बघा म्हणाल्या, मुलं किती बारीक लक्ष देतात. आधी ज्याने त्याने आपापली वही चाळली. मग, कुणी बघत नाहीसं पाहून, शेजारच्याची. पाच मिनिटांत वर्गात जे हसू फुटायला लागलं ते आवरेना. एका वहीत होतं, ‘मम्मीने थेपले विकत आणले आणि घरच्या डब्यात भरून माझे आहेत असे मावशीला सांगितले. मावशीने पण मम्मीला तसेच सांगितले.’ दुसरीत स्त्री-पुरुष समानतेखाली, ‘पप्पांनी आज भांडी घासली. मग फोटो काढला. मग मम्मीने परत घासली.’ सर्वधर्मसहिष्णुतेखाली एकाने लिहिलं होतं की ईद-ए-मिलादला खालच्या मजल्यावरून खीर आली, आमच्या पप्पांनी तीन वाट्या खाल्ल्या आणि दिवाळीला आपण फराळ नेऊ म्हणाले; मागच्या वर्षी पण म्हणाले होते. त्या पप्पांनी तिथल्या तिथे मोबाईल काढून चकलीवालीला फोन लावला. आणि गाडी आडवी पडू देणारे ते गृहस्थ? त्यांच्या वहीत त्या दिवसाचं पान चांगलं चार ओळींचं होतं. ते त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं.

मागून एक रिक्षावाले पालक उठले. माझ्या आरशाचे ते, मी ओळखलं. त्यांनीही ओळखलं असावं, कारण माझ्याकडे बघून मान हलवली. ते म्हणाले, ‘बाई, त्यापेक्षा घराघरात सीसीटीव्ही लावा. त्याला लिहिता तरी येत नाही.’

बाई हसल्या. त्यांनी टेबलावरची एक वही उघडून आम्हाला दाखवली. ‘बाई आज सात मिनिटे उशिरा आल्या. गाडी पंक्चर होती असे म्हणाल्या. चाकात हवा होती.’ खाली बाईंचीच बरोबरची लाल खूण आणि सही. पालकांच्या सहीच्या जागेवर वर्गशिक्षिकेने सही केलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. वही बंद करावी अशी विनंती करायची, असं आम्ही सहा जणांनी फाटकाबाहेर ठरवलं होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. जाताना रिक्षावाल्यांनी माझा आरसा हाताने सरळ करून दिला. तो आता आधीपेक्षा नीट दिसतो.

काल रात्री चिमी वही घेऊन आली. मी आधी समास बघितला, सवयच लागलीय. ‘संवेदनशीलता’ असं होतं. खाली लिहिलं होतं:

‘आजीचा चष्मा हरवला. बाबांनी तो सगळीकडे शोधला. चष्मा आजीच्या डोक्यावर होता. बाबांनी तो हळूच काढून टेबलावर ठेवला आणि हा बघ सापडला म्हणाले. बाबा हसले नाहीत.’

मी हसलो होतो. स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, ओट्याला धरून हसलो होतो. बायको साक्षीदार आहे; तीही हसत होती. चिमीला तिथून दिसलं नसणार.

मी पान उलटून पहिल्या पानावर गेलो. यादी पुन्हा एकदा मोजली. दहाच होती. मागे येऊन सही केली.

‘तारीख पण टाक,’ चिमी म्हणाली. ‘आजचीच.’